पोटातला खडा आणि हृदयाची गोळी
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनी काहीतरी उपयोगाचे सांगावे, असा चिटणीसबाईंचा निरोप आला आणि विषयाची निवड त्यांनी माझ्यावर सोपविली. मी डॉक्टर नव्हे. औषधनिर्माणशास्त्र शिकले आणि औषधाच्या दुकानात पुष्कळ वर्षे गोळ्या मोजून दिल्या, एवढाच माझा अधिकार. परंतु तेथे उभे राहून एक गोष्ट मला नीट दिसली. चिठ्ठी डॉक्टर लिहितो, गोळी रोगी गिळतो. पण या दोघांच्या मधला हात बहुधा बाईचा असतो. सासूबाईंची सकाळची गोळी कोणती, मामंजींची रात्रीची कोणती, कोणती जेवणाआधी आणि कोणती नंतर, हे सारे सुनेच्या नाही तर लेकीच्या ध्यानात असते. म्हणून हृदयाचे ठोके ताळ्यावर ठेवणाऱ्या गोळ्या आणि पोटात बनणारे गोळे, या जरा वेगळ्या वाटणाऱ्या विषयावर मी आज बोलणार आहे.

या विषयाची सुरुवात थोडी मागच्या काळापासून करते. कारण पोटातला खडा आणि हृदय यांची सांगड आपल्या मुलखात फार जुनी आहे. आपल्या आजीच्या तोंडी जहरमोहरा हा शब्द असे. काही शेळ्यांच्या व तत्सम जनावरांच्या पोटात न पचलेला पाला, केस, बी यांभोवती पुटावर पुट चढून एक गुळगुळीत खडा तयार होतो. फारसीत त्याला ‘पादजहर’ म्हणत, म्हणजे विषाला हटविणारा. त्याच शब्दाचे युरोपात ‘बेझोआर’ झाले आणि आजचे डॉक्टर माणसाच्या पोटात साचून बनलेल्या गोळ्यालाही हेच नाव देतात.

गार्सिया द ओर्ता नावाचा एक पोर्तुगीज वैद्य 1534 साली गोव्यास आला. आपल्या शेजारच्या अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारीही त्याचे जाणेयेणे होते. इकडील औषधींवर त्याने लिहिलेला ग्रंथ 1563 साली गोव्यातच छापला गेला. त्यात या खड्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. विषावर हा रामबाण उपाय, अशी त्या काळी राजेरजवाड्यांची पक्की समजूत होती. त्याच सुमारास फ्रान्सचा नामांकित शल्यवैद्य आंब्रोआज पारे याने तिची परीक्षा पाहिली. राजाकडे असा एक खडा होता. चांदीची ताटे चोरल्याबद्दल फाशीची शिक्षा झालेल्या एका आचाऱ्याने, वाचलो तर सुटलो, या बोलीवर विष घेतले व लगेच खडा घेतला. बिचारा काही तास तळमळून मेला. खडा निरुपयोगी ठरला.

पण विश्वास लवकर मरत नाही. पुढे सतराव्या शतकात गोव्यातील गास्पर आंतोनियु या जेझुइट बंधूने कस्तुरी, अंबर, पोवळे, मोती, रत्नांची पूड असे नाना पदार्थ एकत्र करून हाताने खडे वळण्यास सुरुवात केली. वरून सोन्याचा वर्ख लावीत. त्यांना ‘गोव्याचे खडे’ म्हणत, आणि त्यांचे पोर्तुगीज नाव होते ‘पेद्रा कॉर्दियाल’, म्हणजे हृदयाला बळ देणारा खडा! चाकूने थोडी पूड खरवडून पेयात घालून ती पीत. युरोपातल्या श्रीमंतांनी हे खडे सोन्याच्या जाळीदार डब्यांत ठेवले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात तसा एक डबा खड्यासह आजही आहे.

भगिनींनो, त्या काळी पोटातला खडा हृदयासाठी घेत. आज औषध खरे आहे, तपासून सिद्ध झालेले आहे. पण क्वचित प्रसंगी हृदयासाठी घेतलेल्या गोळ्यांचाच पोटात खडा होतो. तो कसा होतो हे समजावे म्हणून आधी हृदयाच्या ठोक्यांविषयी दोन शब्द.

हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात एक इवलासा भाग आहे. तेथून विजेची बारीक लहर निघते, मधल्या एका चौकीवर क्षणभर थांबते आणि खाली पसरते; मग ठोका पडतो. विश्रांतीच्या वेळी मिनिटाला 60 ते 100 ठोके पडतात, म्हणजे दिवसाला सुमारे एक लक्ष. काही लोकांत, विशेषतः उतारवयात, ही व्यवस्था बिघडते. वरचे कप्पे नुसते थरथरू लागतात, नाडी कधी धावते, कधी अडखळते. कप्प्यात रक्त साचून गुठळी झाली आणि ती मेंदूकडे गेली, तर अर्धांगवायू होतो. म्हणून डॉक्टर ठोक्यांना आवर घालणारी औषधे देतात. मेटोप्रोलॉल, व्हेरापामिल, डिल्टियाझेम, डिगॉक्सिन ही त्यांतली नेहमीची नावे. वेष्टनावर ही नावे आपण वाचली असतील.

यांपैकी डिगॉक्सिनच्या घराण्याचे मूळ एका बाईच्या हाती होते, हे आपल्या मंडळात मुद्दाम सांगितले पाहिजे. 1775 साली विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरला श्रॉपशायरमधील एका वृद्धेच्या घरगुती काढ्याविषयी विचारण्यात आले. अंगावर सूज आलेले रोगी त्याने बरे होत असत. काढ्यात वीसएक वनस्पती होत्या. त्यांतली गुणकारी कोणती, हे विदरिंगने ओळखले. दहा वर्षे रोगी तपासून त्याने 1785 साली पुस्तक लिहिले. त्याचा सारा भर प्रमाणावर होता. थोडे घेतले तर औषध, थोडे जास्त झाले तर विष. आपल्या परसातील कण्हेर आणि पिवळ्या फुलांची बिट्टी यांतही याच जातीची द्रव्ये आहेत. म्हणून त्यांचे मूळ, बी वा पान औषध म्हणून कधीही पोटात घेऊ नये.

आता गोळीच्या घडणीकडे येऊ. पूर्वी हृदयाच्या गोळ्या दिवसातून तीन-चार वेळा घ्याव्या लागत. लोक विसरत. म्हणून सावकाश विरघळणारी गोळी निघाली. सकाळी एक घेतली की दिवसभर थोडे थोडे औषध रक्तात उतरत राहते. वेष्टनावर औषधाच्या नावापुढे एसआर, ईआर, एक्सएल, सीआर अशी अक्षरे दिसली की समजावे, ही सावकाश विरघळणारी गोळी आहे. दिसायला साध्या गोळीसारखीच, पण तिच्या पोटात सगळ्या दिवसाचा शिधा भरलेला असतो.

हे कसे साधतात? आपण उन्हाळ्यात सब्जाचे बी भिजवितो. पाणी लागताच प्रत्येक बीभोवती बुळबुळीत आवरण येते. अशा पुष्कळशा गोळ्यांत तसाच फुगणारा पदार्थ मिसळलेला असतो. पोटातले पाणी लागले की गोळीभोवती चिकट थर धरतो आणि त्यातून औषध हळूहळू झिरपते. भरपूर पाण्यात सब्जा टाकून ढवळला तर प्रत्येक बी सुटी राहते. तेच मूठभर सब्जा वाटीभर पाण्यात टाकून पाहा. एकाला एक चिकटून गठ्ठा होतो. पुष्कळ गोळ्या एकाच वेळी पोटात गेल्या, किंवा पोट मंद असल्यामुळे त्या पुढे सरकल्या नाहीत, तर त्यांचीही हीच गत होऊ शकते. व्हेरापामिलच्या सावकाश विरघळणाऱ्या गोळ्यांचे असे गोळे रोग्यांच्या पोटात सापडल्याची नोंद वैद्यकाच्या वाङ्मयात आहे. लोहाच्या गोळ्या, आतड्यात विरघळणारी ॲस्पिरिन, काही आम्लनाशके यांचेही असे गोळे आढळले आहेत.

व्हेरापामिलच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. हे औषध हृदयातल्या त्या मधल्या चौकीवर लहर थोडी रोखून धरते, तसेच आतड्याचे स्नायूही सैल करते. त्यामुळे ते घेणाऱ्यांना बद्धकोष्ठाची तक्रार फार होते. म्हणजे गोळ्या चिकटणाऱ्या, आणि त्यांना पुढे ढकलणारे आतडेही त्याच औषधाने सुस्तावलेले.

अशा गोळ्याने दोन प्रकारचे अपाय होतात. पहिला वाट अडल्याचा. पोट फुगते, दुखते, उलट्या होतात, शौचास व वारा सरण्यास अडचण येते. दुसरा अपाय अधिक फसवा आहे. गोळ्याच्या बाहेरच्या बाजूचे औषध आधी सुटते आणि आतला गाभा तसाच राहतो. रोगी पहिले काही तास बरा दिसतो, बोलतो, चहा मागतो. घरचे म्हणतात, टळले. मग दहा-बारा तासांनी गाभ्यातले औषध उतरू लागते. नाडी मंदावते, रक्तदाब खाली जातो, माणूस गळून पडतो. म्हणूनच अशा गोळ्या जास्त गेल्याची शंका आली, तर रोगी ठीक दिसत असला तरी त्यास निदान एक दिवस रुग्णालयात नजरेखाली ठेवतात. नळीने पोट धुतले तरी मोठा गोळा नळीतून येत नाही. कधी दुर्बिणीने फोडून काढावा लागतो, कधी आतडी धुऊन काढणारे औषध द्यावे लागते.

हे ऐकून कोणी घाबरू नये, आणि घरी जाऊन गोळ्या तर मुळीच बंद करू नयेत. नेमाने रोज एक गोळी पाण्याबरोबर घेणाऱ्याच्या पोटात असा गोळा होणे फार विरळ. उलट मेटोप्रोलॉलसारखी गोळी एकाएकी सोडली तर हृदयावर भलताच ताण येतो. भीती कोणाला अधिक, तेही सांगते. जुना मधुमेह असून जठर मंदावलेले लोक, पोटाची शस्त्रक्रिया झालेले, आतडे कोठे अरुंद झालेले, अंथरुणाला खिळलेले वृद्ध, आणि पाणी फार कमी पिणारे. अशा माणसाला हृदयाची गोळी लिहून दिली जाताना आपण होऊन या गोष्टी डॉक्टरांस सांगाव्यात. त्या ऐकून ते औषध वा त्याचा प्रकार बदलू शकतात.

आता आपल्याच भागातली गोष्ट घेऊ. दसरा-दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातली किती बिऱ्हाडे ऊसतोडीला जातात, ते मी मांजरसुंब्याच्या बायकांना सांगायला नको. सोलापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर रात्री उभे राहिले म्हणजे ट्रकमागून ट्रक दिसतात. तरणी माणसे कारखान्यावर जातात आणि घरी म्हातारी नातवंडांना घेऊन राहते. समजा, अशाच एका आजींना हृदयाची गोळी चालू आहे. सून जाताना दोन महिन्यांची पाकिटे डब्यात ठेवून जाते. आजींना अक्षरओळख नाही. एक दिवस गोळी चुकते, दुसऱ्या दिवशीही चुकते. तिसऱ्या दिवशी चक्कर आल्यासारखे वाटते आणि आजी मनाशी म्हणतात, राहिलेल्या गोळ्या एकदम घेऊन टाकू, म्हणजे भरपाई होईल. दूधवाल्याचा हिशेब असा पुरा करता येतो, औषधाचा नाही. तीन दिवसांचे औषध एकाच दिवशी अंगावर येते. त्यात पोट मंद आणि पाणी घोटभर! सांगायला जवळ कोणी मोठे माणूस नाही.

किंवा दुसरे उदाहरण घ्या. सासऱ्यांना दात नाहीत, गोळी गिळवत नाही. सून मायेने ती खलबत्त्यात कुटते आणि गुळात कालवून भरविते. येथे नेमका उलटा प्रकार होतो. दिवसभराचा शिधा एका तासात रक्तात उतरतो. नाडी एकदम मंदावते आणि म्हातारा मोरीत जाताना पडतो. घरचे म्हणतात, पाय घसरला. गोळी कुटली की औषध फार लवकर येते. गोळ्यांचा गठ्ठा झाला की फार उशिरा आणि फार वेळ येत राहते. दोन्ही अपायांचे मूळ एकच. सावकाश विरघळणाऱ्या गोळीची घडण आपण ओळखलेली नसते.

म्हणून आज मी आपल्याकडून काही गोष्टींचे वचन मागणार आहे.

पहिली गोष्ट, एसआर, ईआर, एक्सएल, सीआर ही अक्षरे असलेली गोळी कुटायची नाही, चावायची नाही, विरघळवायची नाही. काही गोळ्यांच्या मधोमध रेघ असते आणि त्या अर्ध्या करता येतात; पण तेही दुकानदाराला वा डॉक्टरला विचारूनच. गिळवत नसेल तर तसे सांगावे, दुसरा प्रकार मिळतो.

दुसरी गोष्ट, गोळी बसून घ्यावी आणि पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी. नुसत्या थुंकीबरोबर किंवा आडवे पडून घेऊ नये. ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी हे पाणी त्या मापात धरावे.

तिसरी गोष्ट, चुकलेल्या गोळीची भरपाई म्हणून दोन गोळ्या एकदम कधीही घेऊ नयेत.

चौथी गोष्ट इसबगोलाची. हृदयाच्या गोळीने कोठा जड झाला की आपण इसबगोल देतो. चांगली वस्तू आहे, पण तीही सब्जासारखीच फुगणारी. चमचाभर कोरडी तोंडात टाकून वर दोन घोट पाणी प्यायले, तर तिचाच गोळा घशात वा आतड्यात अडकतो. ती भरपूर पाण्यात कालवून लगेच प्यावी आणि हृदयाच्या गोळीपासून निदान दोन तास दूर ठेवावी. नाही तर औषध तिच्यात अडकून अंगी लागत नाही. पाणी मोजून पिणाऱ्यांनी इसबगोल डॉक्टरांना विचारल्याखेरीज घेऊच नये.

पाचवी गोष्ट, काही प्रकारच्या गोळ्यांचे रिकामे टरफल शौचातून जसेच्या तसे पडते. ते पाहून औषध लागू पडले नाही असे समजू नये आणि दुसरी गोळी घेऊ नये. औषध उतरलेले असते, पडते ते नुसते भांडे.

सहावी गोष्ट, नाडी मोजायला शिका. मनगटावर अंगठ्याच्या बाजूस दोन बोटे ठेवून घड्याळावर पुरे एक मिनिट मोजायचे. ठोके 50 च्या खाली आले आणि चक्कर, घाम, अंधारी असे काही असेल, तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना गाठा.

शेवटची गोष्ट जड मनाने सांगते. पोराने खेळता खेळता गोळ्या खाल्ल्या, किंवा घरातल्या कोणी मन खचून पाकीट रिकामे केले, तर तो बरा दिसतो म्हणून सकाळची वाट पाहू नका. मिठाचे पाणी पाजून उलटी काढीत बसू नका. 108 क्रमांकावर फोन करून गाडी बोलवा आणि रिकामी पाकिटे बरोबर न्या, म्हणजे औषध कोणते व किती ते डॉक्टरांना कळेल. आपण रस्त्यांच्या तिठ्यावर राहतो. एकीकडे बीडचे जिल्हा रुग्णालय आहे, दुसरीकडे नेकनूर-केजवरून अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. वाट आहे; आपण वेळ घालवायचा नाही. आणि घरात कोणी अबोल, उदास झाले असेल, तर गोळ्यांचा डबा कुलपात ठेवा व त्या माणसाजवळ जाऊन बसा.

जाता जाता पोटातल्या आणखी एका गोळ्याचा उल्लेख करते, कारण तो बहुतांशी मुलींत आढळतो. काही मुलींना स्वतःचे केस तोडून खाण्याची सवय लागते. केस पचत नाहीत. त्यांचा गोळा जठराच्या आकाराचा होतो आणि शस्त्रक्रिया करावी लागते. मुलीच्या डोक्यावर विरळ चट्टे दिसले, भूक मेली, पोटात गाठ लागली, तर तिला मारू-रागावू नका. तिच्या मनात काही सलत असते. तिला डॉक्टरांकडे न्या.

आता मंडळासाठी एक सूचना. ऊसतोडीच्या मोसमात मागे राहिलेल्या वृद्धांची एक वही आपण करावी. कोणत्या घरी कोण आहे, त्यांना कोणत्या गोळ्या चालू आहेत आणि त्या कोणत्या वेळी घ्यायच्या, हे तिच्यात लिहावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या पाकिटावर सूर्य नाही तर चंद्र काढून द्यावा. प्रत्येक घर एका शेजारणीने वाटून घ्यावे, सकाळी पाण्याला जाता-येता दारातून हाक मारून विचारावे, “आजी, गोळी घेतली का? पाणी किती प्यालात?” कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारला मन्मथस्वामींच्या यात्रेस आपण एकमेकींना हाका मारीत जातोच, तशीच ही हाक रोजची व्हावी. याला वर्गणी लागत नाही आणि कोणाची परवानगीही लागत नाही.

गोव्याचा खडा सोन्याच्या डब्यात होता, पण त्यात गुण नव्हता. आपल्या फडताळातल्या पत्र्याच्या डब्यात खरा गुण असलेले औषध आहे. ते ज्या हाताने दिले जाते तो हात जाणता असावा, एवढेच मागणे मी आज आपल्यापुढे ठेविले आहे.